पेवातली हवा

गडहिंग्लजजवळून,
६ जानेवारी २०२५

प्रिय संयोगिता,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? मी रक्षिता. गडहिंग्लजच्या कॉलेजात बी.एस्सी.ला तुझ्या बाकावर बसायची तीच. लग्नानंतर मी तुला एका ओळीचं पत्र लिहिलं नाही, आणि आज लिहितेय ते काम पडलं म्हणून. लाज वाटतेय, पण लाजत बसायला आता सवड नाही.

ह्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर झालाय. दिवाळीनंतर कोल्हापुरात निदान झालं. अमरेशनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही, तंबाखू तर घरातच येत नाही. आमचं मिरचीचं आडत दुकान. खोकला वर्षभर होता, पण मिरचीच्या बाजारात न खोकणारा माणूस दाखव मला! सासरे शिवमूर्ती असेच खोकून खोकून गेले, त्यांचंही खापर आम्ही मिरचीवरच फोडलं होतं. ह्यांचा खोकला रक्तावर आला तेव्हा डॉक्टरकडे गेलो.

ह्यांना सांगितलंय की छातीत पाणी झालंय. सासूबाईंनाही तेच, आणि तेजस्वीलाही. तेजस्वी माझी मुलगी, नववीत आहे. खरं घरात एकट्या मला माहीत आहे, आणि आता तुला.

गेल्या आठवड्यात दुकानात मिरचीच्या पुड्या बांधायला रद्दी आली, त्यातल्या एका पेपरात तुझा फोटो आणि बातमी. तू घराघरांतल्या हवेतला रेडॉन वायू मोजतेस. तो जमिनीतून वर येतो, कोंदट खोलीत साठतो, आणि विडी न ओढणाऱ्यालाही त्याने फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. पुडी तशीच राहिली, ते पान मी घडी करून ठेवलं.

तू आमचं घर बघितलेलं नाहीस. मधोमध माजघर, त्याला खिडकी नाही, छताजवळ एक झरोका. आणि त्याच्या फरशीखाली पेव आहे, जमिनीत दोन पुरुष खोल खोदलेलं, पूर्वी ज्वारी साठवायचं. तोंडावर एक गोल दगड आहे, तो फरशीतच बसवलाय. सासरे त्या खोलीत झोपायचे. हेही तिथेच झोपतात. आजारी पडल्यापासून तर सासूबाईंनी वारं लागू नये म्हणून झरोक्यातही पोती कोंबलीत.

फोन करू नकोस. ह्यांच्या उशाशी बसून मला तुझ्याशी बोलता येणार नाही. आणि तू स्वतः येऊही नकोस. आमच्याकडे लांबचं पावणं बघायला आलं की आजारी माणसाला सगळं समजतं. एवढंच सांग, हे त्या हवेनं झालं ना? आणि ती हवा खोलीतून काढली, तर?

तुझी,
रक्षिता

*

कोल्हापूर,
११ जानेवारी २०२५

प्रिय रक्षू,

अक्षर ओळखलं. तुझा 'र' अजून तसाच आडवा पडतो. पत्र वाचून मी हातातलं मोजमाप तिथेच सोडलं. तू इतकं सगळं एकटीने उचलून चालली आहेस, आणि मी इथे सत्तर किलोमीटरवर.

एस.टी.च्या पार्सलने दोन डब्या पाठवतेय. काळ्या प्लास्टिकच्या, सुपारीच्या डबीएवढ्या. आत फिल्मचा एक तुकडा आहे. रेडॉन दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. पण त्यातून निघणारे कण फिल्मवर बारीक ओरखडे काढतात. मी ते इथे सूक्ष्मदर्शकाखाली मोजते. एक डबी माजघरात खाटेच्या उंचीवर टांग, भिंतीपासून हातभर लांब. दुसरी बाहेरच्या उघड्या सोप्यात. तीन महिने कुणी हलवायची नाही, उघडायची नाही, पुसायचीसुद्धा नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. एका माणसाचा आजार नेमका कशाने झाला, हे डबी सांगत नाही. खोलीत किती रेडॉन आहे एवढंच ती सांगते. दुसऱ्या प्रश्नाचं आकडा आल्यावर बोलू.

तोवर झरोक्यातली पोती काढ. दारं उघडी ठेव. आणि तेजस्वी कुठे झोपते, ते तू लिहिलं नाहीस. माजघरात झोपत असेल तर आजच तिचं अंथरूण सोप्यात हलव.

तुझी,
संयोगिता

*

गडहिंग्लजजवळून,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय संयोगिता,

डब्या लावल्या. सासूबाईंना सांगितलं, डासांचं औषध आहे. चार दिवस बरं चाललं. मग तेजस्वीने शाळेतल्या सरांना विचारलं आणि घरी येऊन सगळ्यांसमोर रेडॉन म्हणजे काय ते घडाघडा म्हणून दाखवलं. पोरगी तुझ्यावर गेलीय.

सासूबाई म्हणजे गौराबाई, तुला माहीत नाहीत. त्यांच्याशी गावात कुणी वाद घालत नाही. बहात्तरच्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. ह्याच पेवातल्या ज्वारीवर सगळी भावकी जगली म्हणतात. दर पाडव्याला त्या पेवाच्या दगडाला हळदकुंकू वाहतात. त्यांच्या पेवातून विष येतंय म्हटल्यावर काय झालं असेल, तूच बघ.

त्यांनी गड्यांना बोलावून दगड उचलायला लावला. कंदिलाला दोरी बांधली आणि पेवात सोडला. पूर्वी पेवात माणूस उतरवायच्या आधी असंच करायचे ना. दिवा विझला तर आतली हवा वाईट, नाही विझला तर उतर खुशाल. सगळी आळी जमली होती. दिवा खालपर्यंत गेला आणि लख्ख जळत राहिला.

"बघ की गं, डोळं फाडून बघ! वास न्हाय, धूर न्हाय, दिवा तर न्हवऱ्यावानी उभा हाय. कसला ग्यास? कालिजात हेच शिकलीस व्हय?"

सगळे हसले. हे खाटेवरून हसले. किती दिवसांनी हसले, म्हणून मीही हसले. संध्याकाळी झरोक्यात पुन्हा पोती, आणि वरून गोधडी.

मला तीन महिने थांबायला सांगू नकोस गं. हे आता अर्धी भाकरी खातात. औषधाच्या दर फेरीनंतर आठ-आठ दिवस पडून असतात. दुसरं एखादं झटपट यंत्र नाही का? आकडा हातात आला तर मी घर डोक्यावर घेईन, फरशी फोडून काढीन. तू पेपरात म्हणाली होतीस ना, जमिनीतली हवा नळीने छपरावर नेता येते? मग खोली स्वच्छ झाली की ह्यांच्या फुफ्फुसाला ताकद येईल. डॉक्टर म्हणाले, बघू. 'बघू' म्हणजे अजून काहीतरी हातात आहे.

तेजस्वी मजेत आहे. रात्री ह्यांना पेपर वाचून दाखवते, मग ह्यांना झोप लागते.

तुझी,
रक्षिता

*

कोल्हापूर,
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय रक्षू,

तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्या चुकल्या नाहीत. पेवात धान्य कुबट झालं की माणसाला गुदमरवणारी हवा साठते, तिथे दिवा विझतो, आणि त्या दिव्याने किती जीव वाचले असतील. पण रेडॉनला दिवा विझवता येत नाही. तो इतका थोडा असतो की ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही. तो वर्षानुवर्षं श्वासातून आत जातो आणि तिथे काम करतो. हे त्यांना भांडून पटणार नाही. पटलं नाही तरी चालेल, पोती तेवढी काढू दे.

झटपट यंत्र आहे, पण ते सध्या राधानगरीकडच्या घरांत फिरतंय. मे महिन्याआधी हातात येत नाही. डब्यांवर विश्वास ठेव.

तेजस्वी पेपर वाचून झाल्यावर कुठे झोपते? मी दुसऱ्यांदा विचारतेय.

तुझी,
संयोगिता

*

गडहिंग्लजजवळून,
१४ एप्रिल २०२५

संयोगिता,

डब्या परत पाठवतेय. कंडक्टर बाळासो ओळखीचे आहेत, त्यांच्या हातातच दिल्या आणि सांगितलं, औषध हाय, जपून न्या. हे आता कुशीवर वळताना माझा हात धरतात. वजन इतकं उतरलंय की सदरा दुसऱ्याचा वाटतो. लवकर मोज. आकडा तुमच्या कॉलेजच्या छापील कागदावर, शिक्का मारून, मोठ्या अक्षरात पाठव. इथे शिक्क्याशिवाय कुणी ऐकत नाही.

रक्षिता

*

कोल्हापूर,
२९ एप्रिल २०२५

प्रिय रक्षू,

आकडे आले. समजायला सोपं म्हणून आधी हे सांगते, घरात घनमीटर हवेमागे शंभर बेकेरेलच्या आत असावं आणि तीनशेच्या वर तर नकोच, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

सोप्यातली डबी, सत्तर. माजघरातली डबी, नऊ हजार दोनशे.

हा आकडा बघून माझ्या विद्यार्थिनीने खुर्ची मागे सारली. मी पुन्हा मोजला, तोच आला. मग मी डबी भिंगाखाली धरली. झाकणाच्या खाचेत काळी माती होती आणि ज्वारीचं एक जुनं तूस.

खाटेच्या उंचीवर टांगलेल्या डबीत पेवातली माती कशी गेली, रक्षू? प्रॅक्टिकलला तू आधी उत्तर लिहायचीस आणि मग त्याला जुळतील असे आकडे वहीत भरायचीस. तेव्हा मी हसायची. आज मला हसू येत नाहीये. खरं काय ते लिही. शिक्का मी मारलेला नाही.

तुझी,
संयोगिता

*

गडहिंग्लजजवळून,
३ मे २०२५

संयोगिता,

व्हय. घातली मी पेवात. कंदिलाच्या त्या तमाशानंतर हे औषधाच्या गुंगीत होते आणि सासूबाई दुपारी झोपल्या तेव्हा पहारीने दगड सरकवला आणि डबी सुतळीने आत सोडली. मला मोठा आकडा पाहिजे होता. इतका मोठा की सासूबाईंचं तोंड बंद व्हावं आणि फरशी फुटावी. तू आलीस मोठी तूस शोधणारी!

मारला असतास शिक्का तर काय बिघडलं असतं? पेवात नऊ हजार आहेत ना? मग वर काय अमृत येतंय का? कागदावर एक आकडा खरा राहावा म्हणून तू माझ्या माणसाला ह्या खोलीत तसंच पडू देणार? तुला आकडा मोठा आणि हे लहान. तुझं लग्न झालेलं नाही, तुला नाही कळायचं. हे लिहायला नको होतं, पण आता लिहिलं, खोडत नाही.

काल रात्री ह्यांना श्वास लागला. मी पाठीवर हात फिरवत होते आणि मनात म्हणत होते, थांबा, संयोगिताचा कागद येतोय, तो आला की नळी बसते, नळी बसली की तुम्हाला मोकळं वाटेल. मी चार महिने ह्या एका गोष्टीवर उभी आहे. डॉक्टरांनी सोमवारी पुढची औषधं बंद केली. आता तुझ्या त्या नळीशिवाय माझ्याकडे काहीही उरलेलं नाही.

पाया पडते. शिक्का मार.

रक्षिता

*

कोल्हापूर,
८ मे २०२५

रक्षू,

शिव्या दे, हव्या तेवढ्या. त्या मला लागू आहेत, पण तू देतेस त्या कारणासाठी नाही.

शिक्का मारला असता तरी अमरेशरावांना त्याचा उपयोग नव्हता. खोलीतला सगळा रेडॉन आज काढला तरी त्यांचा आजार मागे फिरणार नाही. जो आजार झालाय तो हवा बदलून जात नाही. जानेवारीत तू विचारलंस, "ती हवा काढली, तर?" तेव्हाच मला हे माहीत होतं. मी ते लिहिलं नाही. मला भीती होती की तुला कळलं तर तू डब्या फेकून देशील. तुझी आशा मी वापरली, रक्षू. ती इतकी वाढेल असं मला वाटलं नव्हतं, पण मी ती थांबवलीही नाही.

ही सगळी खटपट तेजस्वीसाठी आहे. जिच्या फुफ्फुसाला अजून काही झालेलं नाही, तिच्यासाठी. ती चौदा वर्षांची आहे. तिच्यापुढे श्वास घ्यायची सगळी वर्षं पडलीत. म्हणून मी पुन्हा पुन्हा तेच विचारत होते, आणि तू दर वेळी ते टाळत होतीस. तुला ठाऊक असणार, म्हणूनच टाळत होतीस.

ती कुठे झोपते?

तुझी,
संयोगिता

*

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

२६ मे २०२५

आदरणीय संयोगिताताई यांस,
अमरेशचा नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुमची पत्रं मी वाचली आहेत. दोन महिन्यांपासून रक्षिता माझी औषधं उशीखाली ठेवते. तुमचं आठ तारखेचं पत्र तिने त्या औषधांच्याच पिशवीत ठेवलं. चुकून की मुद्दाम, मी विचारलं नाही. तोंडाने सांगता येत नाही ते माणूस असं ठेवतो. बाकीची पत्रं मग मी तिच्या ट्रंकेतून काढून घेतली. चोरी झाली, माफ करा.

मला माझं आधीच माहीत होतं. तपासणीनंतर डॉक्टरांनी मला बाहेर बाकावर बसवलं आणि हिला आत घेतलं. ती डोळे पुसून, पदर सारखा करून, हसत बाहेर आली. अहो, छातीतल्या पाण्यासाठी एवढं हसावं लागत नाही. तीस वर्षं मिरचीचा भाव करतोय, समोरचा काय लपवतोय ते समजतं. पण ती एवढ्या कष्टाने लपवत होती, मग मीही गप्प बसलो. पाण्याचं सोंग मीच तिच्यापेक्षा चांगलं वठवलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. तेजस्वी माझ्या खाटेखाली झोपते. पेवाच्या दगडावर गोधडी टाकून. तो दगड थंड लागतो म्हणते. जानेवारीपासून रोज. रक्षिताने तिला दोनदा उठवून सोप्यात नेलं, दोन्ही वेळा ती पहाटे परत आली. आणि तिच्या आवाजाशिवाय मला झोप येत नाही, म्हणून मीही 'असू दे' म्हणालो. तुमचं पत्र वाचलं त्या रात्री मी खाटेवरून खाली वाकून बघितलं. दगडाच्या फटीला गाल लावून झोपली होती.

ताई, मरायचं मला फार काही वाटत नाही असं म्हणणार नाही. फार वाटतं. पण ते बघून जे वाटलं, ते त्याच्याहून वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी मी उकडतंय म्हणून कालवा केला आणि खाट बाहेर पडवीत काढायला लावली, गोठ्याशेजारी. पोरगी माझ्या मागोमाग येणार हे ठरलेलंच. ती आली. आता आम्ही दोघं उघड्यावर झोपतो. म्हशी फुरफुरतात, मला झोप कमी लागते, पण तिला लागते.

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, मी सगळं सांगितलं. "अव्वा, मी वाचत न्हाय. पण पोरगीला ह्या खोलीत न्हाय ठेवायचं. पेवात नळी बसवू दे." घरात सगळे तिच्यापासून लपवत होते. ती मला म्हणाली, "मग मला आधी का न्हाय सांगिटलास? मी काय दगड हाय व्हय?" मग तिने स्वतः शिडी लावून झरोक्यातली पोती काढली. सत्तरीची बाई, मला खालून शिडी धरताही आली नाही.

रक्षिता तुम्हाला लिहीत नाही. स्वयंपाक करते, माझं सगळं करते, कुणाशी बोलत नाही. तुमच्यावर रागावलेली नाही. ती ज्याला धरून उभी होती ते तुम्ही काढून घेतलंत, आणि काढायलाच पाहिजे होतं.

नळी कशी बसवायची ते मला कळवा. घाई आहे, कारण तुम्हाला ठाऊक आहे.

आपला,
अमरेश

*

कोल्हापूर,
३० मे २०२५

आदरणीय अमरेशराव,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कामाचंच लिहिते. तुम्हालाही तेच आवडेल असं वाटतं.

पेव भरून टाकू नका, ते आपल्या उपयोगाचं आहे. घराखालची सगळी हवा आधी तिथेच जमते. दगडाला भोक पाडून चार इंची पाइप आत सोडायचा, भोवती सिमेंटने घट्ट बुजवायचं. पाइप भिंतीच्या कडेने छपराच्या वर न्यायचा, वरच्या टोकाजवळ छोटा पंखा बसवायचा. तो पेवातली हवा ओढून बाहेर मोकळ्यावर सोडेल, ती खोलीत यायच्या आधीच. बाहेर ती पांगते, तिचा त्रास राहत नाही. पंखा कायम चालू हवा, म्हणून इन्व्हर्टरवर घ्या. माजघराच्या फरशीच्या फटीही भरून घ्या. कुठलाही चांगला प्लंबर हे करील.

बरोबर यंत्र पाठवतेय. ते रोजचा आकडा दाखवतं. नळीच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा माजघरात ठेवा. तेजस्वीला वाचता येईल. ते पेवात सोडू नका एवढंच रक्षूला सांगा.

आणि तिला हेही सांगा, की मी रोज टपाल बघते.

आपली,
संयोगिता

*

गडहिंग्लजजवळून,
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय संयोगिता,

हे श्रावणात लिंगैक्य झाले. तुला कळवलं नाही. कुणालाच मी कळवलं नाही, भावकीने कळवलं. पडवीतच गेले, तेजस्वी पेपर वाचत होती. तिने ते पान पुरं वाचलं आणि मग मला हाक मारली.

नळी जूनमध्ये बसली. जोतीराम प्लंबरला हे खाटेवरून सांगायचे, इकडं लाव, तिकडं वाकव. आयुष्यभर दुसऱ्याच्या मिरचीत खोट काढली, शेवटी त्याच्या सिमेंटमध्ये काढली. तुझ्या यंत्रावर नळीच्या आधी आठशे दहा होते. नंतर उतरत उतरत साठवर आले. तेजस्वीने साठ म्हणून सांगितलं तेव्हा ह्यांनी तिला जवळ बोलावलं आणि नुसतंच तिच्या छातीवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी तिथेच मोठ्याने रडले असते.

तुझ्यावर रागावले होते. आता नाही. तू तेव्हा लिहिलं नसतंस तर मी तिला दगडावर तशीच झोपू दिली असती, ह्यांना झोप लागते म्हणून. संयोगिता, मी ते बघत होते. मला सगळं समजत होतं आणि मी ह्यांची एक रात्र आणि तिचा अख्खा जन्म अशी तुलना करायला तयार नव्हते. दोन्ही हातात धरून बसले होते.

आज लिहितेय त्याचं कारण वेगळं आहे. तेजस्वी दहावीत आहे. थंडी पडायला लागलीय. तिला माजघरात परत जायचंय. म्हणते, तिथे अप्पांची खाट ठेवा, मी तिथे अभ्यास करीन, तिथेच झोपीन. सासूबाईसुद्धा म्हणतात, "आता हवा चांगली झालीया न्हवं? मग जाऊ दे की पोरीला. बापाची खोली हाय तिच्या." सासूबाई म्हणतात! आणि मी खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचलीय.

मला आकडा समजतो गं. यंत्र परत पाठवायच्या आधी मी पुन्हा ठेवून बघितलं, पासष्ट आले. पंखा चालू आहे, फटी भरल्यात, झरोका उघडा आहे. तरी ती दाराजवळ गेली की मी दारात आडवी उभी राहते. काल तिने कुलूप ओढून बघितलं तर मी तिच्या अंगावर धावून गेले. मारलं मी तिला. जन्मात पहिल्यांदा. ती रडली नाही, म्हणाली, "मग मी अप्पांना कुठं भेटू?"

काय सांगू तिला? तूच सांग, मी तिला त्या दारातून आत कशी सोडू?

तुझी,
रक्षिता

*

कोल्हापूर,
६ नोव्हेंबर २०२५

रक्षू,

साठ म्हणजे शून्य नव्हे. शून्य कुठेच नसतं, माझ्या घरातही चाळीस आहे. मी तिथे रोज झोपते. याहून मोठं आश्वासन माझ्या कागदावर मावत नाही, आणि आकड्याने तू त्या दारातून बाजूला होणार नाहीस हे मला आता कळलंय.

तू मला येऊ नकोस म्हणाली होतीस. ते आता मी ऐकणार नाही. शनिवारी दुपारच्या एस.टी.ने येतेय. कुलूप काढून ठेव आणि अमरेशरावांची खाट आत लाव. पहिल्या रात्री त्या खोलीत मी झोपेन. दार आतून लावून, झोप लागली तर घोरतसुद्धा. दुसऱ्या रात्री तेजस्वी माझ्याशेजारी. तिसऱ्या रात्री तिची ती.

तू तिन्ही रात्री उंबऱ्यावर बसून तिचा श्वास मोजलास तरी मी तुला उठवणार नाही.

संयोगिता